किंजलचं नाव

डहाणूच्या एसटी स्टँडवर महादेव तलासरीच्या गाडीची वाट बघत उभा होता. बायको जाऊन दोन महिने झाले होते. शेजारच्या बाकावर जवळच्या आगर गावचं एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

"ती कॉलेजची पोरगी तिच्या अभ्यासासाठी विचारत होती ना, 'तुम्ही बेशुद्ध पडलात तर डॉक्टरला हो-नाही कोण सांगणार?' मी तुझं नाव दिलं. तू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"किंजलचं."

"सुनेचं! अगं, ती काल आली घरात. सगळा जन्म माझ्याबरोबर काढलास आणि भरवसा तिच्यावर?"

"भरवसा तुमच्यावरच आहे हो. पण डॉक्टर म्हणाला, आता नळ्या काढूया, तर काढू द्याल?"

"मुळीच नाही."

"बघा! मांजर मेलं तेव्हा तुम्ही जेवला नव्हतात."

"मांजराचं वेगळं होतं."

"मला तसं पडून नाही राहायचं. किंजल रडेल, पण सही करेल."

म्हातारा महादेवकडे वळला.

"तुम्हीच सांगा भाऊ, असं करतात का? तुमची मंडळी कुणाचं नाव देतील?"

"माझंच दिलं होतं तिनं," महादेव म्हणाला. "सही मीच केली."

बाईंनी बाकावरची सुक्या बोंबलांची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा ना, भाऊ."