बशीतले आगंतुक

…आणि वर मलाच म्हणते, "बू तुमीरा, हे तुम्ही मनाचं काढलंत!" मनाचं? मी? अहो, पन्नास वर्षं चान्तिंगच्या, म्हणजे मेणाच्या पळीच्या, चोचीतून कापडावर गरम मेण सोडतेय, बोटं भाजली पण बाटिकचा ठिपका कधी इकडचा तिकडे झाला नाही, आणि ही कालची पोर मला सांगणार? मी डोळ्यांना दिसलं तेच काढलं!

तुम्हाला सांगते, मी काही आपणहून गेले नव्हते. विद्यापीठातून माणूस आला आमच्या गल्लीत, म्हणाला, एक कलावंत, एक शास्त्रज्ञ अशा जोड्या लावायच्यात, पेशी म्हणजे काय ते लोकांना चित्रांतून दाखवायचं, मग प्रदर्शन. माझी जोडी लागली डॉक्टर किनासीशी. मला बू म्हणते, आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला म्हणतात तसं. पोरगी गोड, चहात साखरही माझ्याइतकीच घालते, पण डोळे कायम कॉम्प्युटरच्या आकड्यांत! पहिल्या दिवशी मला मायक्रोस्कोपपुढे बसवलं. काचेच्या बशीत कातडीच्या पेशी. आणि काय सांगू… लांबट, निमुळत्या, सगळ्या एकाच दिशेनं वळलेल्या, जशा ओढ्यातल्या माशांच्या रांगा! मागे लोक खाकरतायत, आम्हालाही बघायचंय… मी कुठली उठते!

मग दर सोमवारी जायचं, बघायचं, घरी येऊन कापडावर उतरवायचं. डावीकडून उजवीकडे, आठवड्याला एक वीत. तिसऱ्या महिन्यात बघते तर माशांच्या मधे गोल, गुबगुबीत काहीतरी, भाताच्या शितांसारखं एकमेकांना चिकटलेलं. पुढच्या सोमवारी आणखी. त्याच्या पुढच्या सोमवारी… अहो, लग्नात न बोलावलेली माणसं कशी आधी दारात, मग मांडवात, मग थेट पानावर, तशी! पण दिसायला इतकी सुंदर की हात थांबेना. काढली. डोळ्यांना दिसलं तेच काढलं!

कापड रंगवून नेलं, तर किनासीच्या कपाळाला आठ्या. "बू, या पेशींत असे गोल नसतातच. कलावंताला मोकळीक असते, मान्य, पण… जरा पुसता येतील का?" पुसता? बाटिक? म्हटलं, "डॉक्टरबाई, रंगलेलं कापड आहे हे, फळा नव्हे!" तर म्हणते कशी, "रागावू नका हो, वयानं डोळ्यांपुढे ठिपके येतात, माझ्या आईलाही येतात." माझ्या डोळ्यांवर घसरली! तुम्हीच सांगा, कुणाचं टाळकं सटकणार नाही? घरी आले तर नवरा म्हणतो, "शिकलेली आहे ती, असेल तिचं बरोबर." त्या दिवशी त्याला सांबालच्या चटणीशिवाय कोरडा भात गिळायला लावला!

दुसऱ्या दिवशी सोमवार नसताना गेले. कापड खांद्यावर. तिचा हात धरला, आकड्यांसमोरून उठवलं. "बस इथे. बघ. मासे किती, शितं किती, मोज!" बसली. मोजलं. दुसरी बशी काढली. तिसरी. चौथी… पोरीचा चेहरा जो उतरला! कुठल्यातरी दुसऱ्याच पेशी शिरल्या होत्या, भराभर वाढणाऱ्या, मूळच्यांना कोपऱ्यात ढकलून बसलेल्या. महिन्यांची मेहनत बशीत बुडाली.

"बू," म्हणाली हळूच, "ते कापड द्या." जमिनीवर अंथरलं, गुडघ्यांवर रांगत रांगत मागे गेली. कुठल्या सोमवारी पहिला गोल आला? सापडला! त्याच्या आधीच्या पेशी तिनं बर्फात गोठवून ठेवलेल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "तुम्ही खरं काढलं होतंत, बू." खोटं का बोलू, माझेही डोळे भरून आले. एवढं होऊनही गप्प बसले असते मी…

पण प्रदर्शन! तिथले मोठे साहेब म्हणाले, "चुकीच्या पेशी लोकांना कशा दाखवायच्या?" चुकीच्या! म्हणजे डोळ्यांना दिसलं ते काढणं हा माझा गुन्हा! शेवटी किनासी भांडली त्यांच्याशी, आणि कापड प्रदर्शनात नाही तरी लागलं तिच्या प्रयोगशाळेत, अगदी दारासमोर, काचेच्या चौकटीत. हात असा जन्मात कधी चालला नव्हता हो माझा. अख्खी गल्ली घेऊन गेले दाखवायला, नवऱ्यालासुद्धा. सगळे बघतायत, वा वा करतायत, आणि नवरा खालची पाटी मोठ्यानं वाचतोय:

"कलाकार, बू तुमीरा. बशीत असं काही दिसल्यास ताबडतोब फेकून द्यावं."