मामीच्या हातचं पथ्य

घरचं जेवण पोटाला बरं, असं म्हणणाऱ्यानं आमच्या मामीपुढं ताट घेऊन बसावंच. मामाला डॉक्टरनं दम दिलता, "खानावळ बंद! घरचं खा, पोट उतरेल." मामा महिनाभर घरात जेवला आन् आणखीच सुटला. गडी चोरून खानावळीत जातोय, असं डॉक्टरला वाटलं. ऐन जेवणाच्या वक्ताला सायकल मारत तो घरी येऊन धडकला. मामीनं त्यालाबी पाटावर बसवलं. तो "पुरे" म्हणाला की, "माझ्या हातचं आवडंना व्हय?" म्हणत ती आणखी वाढायची. त्यानं ताटावर हात आडवा धरला, तर तिनं बोटांवरनंच तूप सोडलं. शेवटी भिंतीला धरून उठत डॉक्टर मामाला म्हणाला, "उद्यापासून खानावळीतच जेवा. तिथं निदान मागितल्याशिवाय कुणी वाढत नाही!"