सितान जारा कपडे बदलून येते

मासारान : सेकू, त्या लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून किती फेऱ्या मारणार? बस एका जागी. माझ्या स्टुडिओची जमीन झिजवलीस!

सेकू : पाचला बस आहे, आत्या, आणि बारा फोटो अजून निवडले नाहीत. उद्या राजधानीत, बामाकोला पोचले नाहीत, तर प्रदर्शनातली माझी भिंत दुसऱ्याला जाईल.

मासारान : मागच्या महिन्यात पाठवले होतेस ना?

सेकू : परत आले. ‘सुरेख आहेत, पण कोणीही काढले असते’ म्हणे! पंधरा वर्षं, एकोणीस देश पालथे घातले, आणि म्हणे कोणीही! डोकं फिरलंय माझं. म्हणून तर आज सकाळी इथल्या बंदरावर वणवण केली. एक मिळालाय. हा बघ, धुरावर मासे भाजणारी बाई.

मासारान : अरे, ही तर सितान जारा! तोंडाला काजळी, अंगावर फाटका सदरा... विचारलंस तिला?

सेकू : विचारलं की माणूस अवघडतो.

(दार धाडकन उघडतं.)

सितान : कुठाय तो चवळीखाऊ त्राओरे?

सेकू : आल्या जारा! चवळीचं पोतं घरी संपलं वाटतं?

सितान : मला न विचारता माझा फोटो काढतोस? पुसून टाक! मी अंघोळ करून, निळा झगा घालून येते. मग काढ.

सेकू : अगं, माझी बस...

सितान : जारानं मागितलं आणि त्राओरे नाही म्हणाला? तुझ्या बापाच्या काळी घडलं होतं असं? थांब इथंच!

मासारान : गेली. आता बस विसर, बाबा. आपण त्राओरे, त्या जारा; दोन घराण्यांचं पिढ्यांचं थट्टेचं नातं. एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, पण मागितलं तर नाही म्हणायची सोयच नाही.

सेकू : पुसला. एकच मनासारखा होता, तोही गेला.

मासारान : आणि लॅपटॉपमधला हा फोटोंचा वेगळा कप्पा कसला?

सेकू : तो सोड गं. माझा फोटो काढून झाला की लोक म्हणतात, आता आमचा नीट काढ. कपडे करून येतात, आवडीची वस्तू आणतात. हा न्यामे शहरातला न्हावी रेडिओ घेऊन आला. ही कुमासीची बाई, डोक्यावर शिलाई मशीन! त्यांचं मन राखायला काढतो, त्यांना पाठवतो. दाखवत नाही कुणाला.

मासारान : किती आहेत?

सेकू : असतील सहाशे.

मासारान : सहाशे वेळा थांबलास! तुझा बाप ह्याच खोलीत असेच काढायचा. पण त्याच्या दारी लोक यायचे, तू लोकांच्या दारी गेलास. हे कोणीही काढले असते?

सेकू : सरक जरा, आत्या. मला नीट बघू दे. हा न्हावी... ही... अगं, हा म्हातारा बघ, बकरीलासुद्धा माळ घालून आणलीय! मी मूर्ख आहे, आत्या.

मासारान : ते मला ठाऊक होतं. निवड आता.

सितान : आले! अरे, पाच वाजून गेले, बस चुकली की तुझी!

सेकू : सहाला दुसरी आहे, रखडत जाते, पण उद्या पोचवते. अकरा निवडलेत, बारावी तू. हातात काय आणलंस?

सितान : आईची जाळी. हिच्यावर मासे भाजून तिनं आम्हा सातजणांना वाढवलं. घासून आणलीय. कशी धरू?

सेकू : तूच ठरव. मी थांबतो.