पलंग सागवानीच आहे

नाही, मी म्हणतो, चहाला बोलावलेल्या माणसानं चहा प्यावा की! पलंग वाजवून बघायचं काही कारण? तुम्हाला सांगतो, आमचे शेजारी विरुपाक्षअण्णा, मिलच्या स्टोअरमधून रिटायर झालेले... आले, पलंगावर बसले, बशीत चहा ओतला, आणि मोकळ्या हातानं पलंगाच्या कडेवर टक टक! मला वाटलं, आता आतून कोणी 'कोण आहे?' विचारतंय. वर म्हणाले, "रावसाहेब, हे सागवान न्हाय बरं का."

नाही तर नाही! एकतीस वर्षं मी त्याच्यावर झोपतोय. त्यानं तक्रार केली नाही, मी केली नाही... आणि एकतीस वर्षांत एक ढेकूण नाही हो त्या पलंगात! आणि हे सोलापुरात, जिथं सिनेमाच्या खुर्चीतून माणूस एकटा म्हणून घरी येत नाही!

पण ते वाक्य गेलं स्वयंपाकघरात. आमची ईरम्मा मंद्रूपची. पलंग तिच्या आप्पांनी लग्नात दिलेला, चव्वेचाळीस साली. आमच्या अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, बैठकीतच अट घातली होती, पलंग पाहिजे तर सागवानीच! तेव्हापासून ईरम्मा आल्यागेल्याला सांगणार, "सागवानी हाय. आमच्या आप्पांनी दिलाय." ती बाहेर आली, हाताला भाकरीचं पीठ तसंच. "म्हंजे आमचे आप्पा खोटं बोलले?"

विरुपाक्षअण्णांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चप्पल न शोधता गेले.

"ह्याचा निकाल लागल्याबिगर मी त्या पलंगाला पाठ टेकणार न्हाय," ती म्हणाली. आणि अंथरूण जमिनीवर! आप्पा जाऊन बारा वर्षं झाली, आणि आता त्यांची चौकशी!

तिथंच 'सागवान आहे गं' म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण छत्तीस वर्षं कचेरीत घासलेला कारकून मी, तज्ज्ञांचा अभिप्राय घेतल्याशिवाय तोंड उघडेन कसा? बोलावला कल्लप्पा सुताराला. पलंगावर चॉकलेटी ऑइलपेंटचे चार हात. कल्लप्पा म्हणाला, खरवडावं लागतंय. कुठं? तर भिंतीकडचा मागचा पाय, कुणाला दिसायचा नाही. पटाशी लावली, ढलपी काढली, हुंगली... आणि टाकली की हो तोंडात! पानासारखी चावली. "सायेब, कडू लागतंय. सागवान न्हाय."

"अरे, एकतीस वर्षांचा ऑइलपेंट खाल्लास! कडू नाही तर काय बासुंदी लागेल?"

दुसरी ढलपी मी स्वतः काढली. पाकिटात घातली, वर लिहिलं, 'नमुना क्रमांक दोन, मागील डावा पाय', आणि नेली वखारीत. वखारवाल्यानं तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला, बराच वेळ थेंबाकडं बघितलं. "ऐनाचं लाकूड असंल." असंल म्हणजे? "आणखी थोडं आणा." आणलं! मग वाचनालयातलं एक पुस्तक म्हणालं, सागवानाला जुन्या चामड्यासारखा वास येतो. मी पुन्हा पाय तासला, पोटावर पडून नाक लावलं... मागून ईरम्माचा आवाज, "घावले का आप्पा?"

निकाल लागेना, पण पाय लागला आखूड व्हायला! कूस बदलली की पलंग खडक्! परत बदलली, खडक्! पण एक ढेकूण नाही हो त्या पलंगात! झोप काय ती माझी गेली. खालून ईरम्मा विचारायची, "लागला का निकाल?"

शेवटी तिचा भाऊ मल्लप्पा ज्वारीचं पोतं घेऊन आला मंद्रूपहून. मी त्याला बोळात गाठला. खरं सांग म्हटलं.

"दाजी, कडुलिंब हाय त्यो," मल्लप्पा खाली बघून म्हणाला. "सागवान आनायचं कुटनं? आप्पांनी दारातला लिंब पाडला, वर रंग दिला. अक्काला बी सागवानच सांगितलं. म्हनले, पोरीला ठावंच नसलं, तर सासूपुढं तिला खोटं बोलावं लागायचं न्हाय."

घ्या! तरीच म्हटलं, ढेकूण का नाहीत! कल्लप्पाची जीभ वखारीपेक्षा हुशार निघाली. पण आता घरात जाऊन बोलायचं काय? खरं सांगावं तर आप्पांची अब्रू गेली, खोटं सांगावं तर माझी छत्तीस वर्षांची सर्व्हिस!

मी फुलस्केप घेतला. 'दाखला देण्यात येतो की, सदर पलंगाची समक्ष तपासणी केली असता तो अस्सल सागवानी असल्याचे आढळून आले.' खाली सही, तारीख.

ईरम्मानं बोट ठेवून दोनदा वाचला. "सही तुमचीच न्हवं?"

"माझीच."

"मग झालं," ती म्हणाली. "लगीन महिन्यावर आलं आन् दारातली सावली गेली, अवो. मला काय दिसत न्हवतं?"

म्हणजे हिला ठाऊक होतं! एकतीस वर्षं! "अगं, मग माझा हा एवढा..."

"आप्पा काय म्हनले ते मला ठाव हाय. तुमी काय म्हनताय, ते ऐकायचं हुतं."

आणि तो दाखला, शिक्का सोडून सगळं असलेला दाखला, तिनं दुमडला, पुन्हा दुमडला, पुन्हा दुमडला, आणि वाकून त्या आखूड पायाखाली सारला. पलंग हलवून बघितला. जागचा हलला नाही. मग आपलं अंथरूण उचलून वर टाकलं.

छत्तीस वर्षं कागद काळे केले, तुम्हाला सांगतो... कशाला तरी आधार झालेला हा पहिलाच, आणि तोही खोटा!