चादरीवरचे थोरले मालक

न्हाय, मला एकदा कुणीतरी सांगा, मोर काय वाईट होता? सव्वीस वर्षं! तुमाला सांगतो, सव्वीस वर्षं मी चादरीवर मोर काढतोय, ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून, मान हिकडं न्हायतर मान तिकडं, पिसारा उघडा न्हायतर मिटलेला, अन् लोकांनी पांघरला की! मोरामुळं थंडी वाजली म्हणून कुणी चादर परत आणली का? पण आमची उत्कर्षा... थोरली पोरगी हो, पुण्याला डिझाईनचं कॉलेज करून आलेली... ती माझ्या टेबलापाशी हुबी ऱ्हायली अन् नाक मुरडून म्हणते, "पप्पा, तुम्ही कम्फर्ट झोनमध्ये अडकलाय. कलाकारानं त्यातून बाहेर पडायचं असतं!" आता आमच्या खोलीतला पंखा मार्चपास्नं बंद, घामानं कागद चिकटतोय हाताला, कसला कम्फर्ट अन् कसलं काय!

बरं, पोरीचं म्हणणं या कानानं आत, त्या कानानं भाईर सोडलं असतं. पण त्याच आठवड्यात आमच्या धोंडप्पा मालकांनी कारखान्यात कॉम्प्युटर आणला! मला केबिनमध्ये बोलावलं, च्या सांगितला... मालकांनी च्या सांगितला की समजायचं, काम वाईट हाय... अन् हळूच म्हणले, "मायाप्पा, मोराशिवाय काय येतंय का तुमाला? न्हायतर पुढच्या महिन्यापास्नं हे मशीनच डिझाईन काढंल." नोकरी जायची वेळ! अन् तोंडातनं काय निघावं? "येतंय की मालक! थोरल्या मालकांचा चेहराच काढतो चादरीवर!" थोरले मालक म्हणजे ह्यांचे वडील, चन्नवीर मालक, गेल्या साली वारले, महिन्या-दीड महिन्यावर पहिलं पुण्यस्मरण आलेलं. मालकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काढा," म्हणले, "दोनशे चादरी काढू, पाव्हण्यांना वाटू." झालं! अहो, मोर काय वाईट होता?

महिनाभर बसलो. माणसाचं नाक म्हणजे काय चेष्टा हाय? मोराच्या चोचीला कुणी म्हणत न्हाय, वडिलांवर गेली न्हाय म्हणून! पण सांगतो तुमाला, जमलं. पांढराफेक चेहरा, काळ्याभोर मिश्या, काळी बुबुळं. मागावर पहिली चादर उतरली तसा मी स्वतःच नमस्कार केला. मालकांनी पाठीवर थाप मारली, उत्कर्षानं फोटो काढला, म्हणली, "बघा पप्पा, पडलात की नाही बाहेर!" व्हय बाई, पडलो. कसा पडलो ते पुढं ऐका.

कार्यक्रमाचा दिवस. हॉल भरलेला. पुढच्या ओळीत सगळे सोयरे, मधोमध खुर्चीत थोरल्या मालकीणबाई, ईरम्मा आजी, वय नव्वद. मागवाल्या पोरांनी स्टेजवर चादर टांगली, वर पडदा टाकला. मालकांनी दोरी वढली...

अहो, पुढच्या ओळीतलं एक पाव्हणं खुर्चीसकट मागं सरकलं! चेहरा काळाकुट्ट! मिश्या पांढऱ्या! अन् डोळं? काळ्या डोळ्यांत पांढरी बुबुळं, अशी रोखलेली, हॉलच्या कुठल्याबी कोपऱ्यात जावा, तुमच्याकडंच बघतायत! एक लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं. पोरांनी चादर उलटी टांगलेली! अन् त्यांना तरी काय बोलायचं? सोलापुरी चादरीला उलटी-सुलटी बाजू असती का? पुढनं जितं पांढरं, मागनं तितं काळं. पांढऱ्यावर काळा मोर, उलटला की काळ्यावर पांढरा मोर, मोर तो मोरच! सव्वीस वर्षांत मागची बाजू बघायची मला कधी गरजच पडली न्हाय! सगळ्या सोलापूरला म्हायती असलेली गोष्ट, अन् चादरीचं डिझाईन काढणाराच इसरला! आता तरी सांगा, मोर काय वाईट होता?

मालक माझ्याकडं बघतायत. मी दाराकडं बघतोय. अन् तेवढ्यात ईरम्मा आजी काठी टेकत उठल्या, स्टेजवर गेल्या. चादरीला नाक लावून बघितलं, मग ती उलटली, माझी महिनाभराची मेहनत... ती पांढरी, देखणी बाजू बघितली अन् म्हणल्या, "हे कोण?" परत काळी बाजू फिरवली, अन् एकदम कानडीत, "हौदु, हौदु! व्हय, ह्येच की! घरी आले की असंच डोळं वटारायचे, मेले!" अन् पदर तोंडाला लावून हसाय लागल्या, हसता हसता रडाय लागल्या. हॉलमधी टाळ्या! मालकांनी मला मिठी मारली. नोकरी वाचली हो! मला तितंच खाली बसून रडावंसं वाटलं.

पण थांबा. दुसऱ्या दिवशी आजी रिक्षा करून कारखान्यात हजर! माझ्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. "माजाबी काढ. जित्ती हाय तवर बघती. चादर झाली, अंगावर घेतली, की मी ह्येंच्याकडं जायला मोकळी." हे ऐकून मालकांचा चेहरा चादरीच्या मागच्या बाजूसारखा काळा पडला. मला परत केबिनमध्ये बोलावलं. परत च्या! म्हणले, "मायाप्पा, पगार वाढवतो, पण आईची चादर संपली न्हाय पायजे. काय वाट्टंल ते करा, पुरी करू नका!"

आता काय सांगू तुमाला! सहा महिने झाले, आजी रोज येऊन समोर बसतायत. आयुष्यात पैल्यांदा असं काम हाती आलंय की जीव ओतावा वाटतो, म्हातारीच्या तोंडावरची एकेक सुरकुती मला पाठ झालीय, अन् मी सकाळी काढतोय, दुपारी पुसतोय. पुसताना खरंच वाईट वाटतं हो. काल तर गप्पांच्या नादात चेहरा जवळजवळ पुरा झाला! दोघंबी त्याच्याकडं बघत बसलो. मी खोडरबर शोधाय लागलो. आजी वाकल्या, लई वेळ बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् हळूच म्हणल्या, "नाक चुकलंय न्हवं?"

म्हणलो, "चुकलंय आजी."

"मग काढ की परत. मला कुटं घाई हाय?"

बसलोय. नाक काढतोय.