आमच्या घरचा सत्तावीस नंबर

...नाही, पण मला एक सांगा, मारामारी करायचीच आहे तर बर्फावर कशाला करायची? जमीन काय संपली? धड उभं राहता येत नाही, पायात सुऱ्या बांधलेल्या, हातात हे एवढं लांब दांडकं, आणि अशात तो एक राक्षस हातमोजे फेकतो, दुसऱ्या राक्षसाचा शर्ट धरतो आणि दण्... दण्... दण्! आणि पंच काय करतात? बघत उभे राहतात! दोघांपैकी एक आडवा झाला की मग मधे पडतात, तोपर्यंत नाही! म्हटलं, अहो, पोलीस कुठायत? मारामारी वाईटच, मी कुठे नाही म्हणतोय? पण आता तुमच्यापासून काय लपवायचं... मी ती टेप चार वेळा रिवाइंड केली.

म्हणजे हे कसं झालं ते आधी ऐका, नाहीतर म्हणाल, हा माणूस सिंगापूरला जाऊन बिघडला. मी साधा मरिन इंजिनिअर हो! अकरा वर्षं जहाजावर काढली, ब्याण्णवपासून इथे शिपयार्डात आहे, चोआ चू कांगला फ्लॅट, बायको नीता, मुलगी तन्वी, आणि जन्मात कुणाला चापट मारलेली नाही. डास मारला तरी मला दोन मिनिटं वाईट वाटतं. तर आमच्या ऑफिसात एक डग आहे. कॅनडाचा. त्याच्या गावात म्हणे आठ महिने बर्फ असतो आणि उरलेले चार महिने बर्फाची वाट बघतात. त्याचा भाऊ त्याला तिकडच्या आइस हॉकीच्या टेपा पाठवतो, त्या इथल्या साध्या व्हीसीआरवर लागत नाहीत, आणि जहाजावर काम केलेल्या कुठल्याही मराठी माणसाच्या घरात काय असतं? मल्टिसिस्टिम! लग्नाचा अल्बम नसेल, पण कुठल्याही देशाची टेप चालवणारा मल्टिसिस्टिम असतो. झालं, शनिवारी हाफ डे सुटला की डग टेप घेऊन दारात. "सुबोढ, माय फ्रेंड, यू हॅव द मशीन!"

आणि मग तुम्हाला सांगतो, ज्या देशात च्युइंग गम विकायलासुद्धा बंदी, त्या देशात मी सोफ्यावर बसून, चकली खात, माणसं एकमेकांचे दात पाडताना बघायला लागलो. तन्वी आतून ओरडायची, "पापा, यू सो व्हायलंट लाह!" नऊ वर्षांची पोर! लाज वाटायची हो. पण डोळे हलायचे नाहीत.

त्यातला सत्तावीस नंबर माझा लाडका. नाक तीन ठिकाणी वाकलेलं, गोल करता येत नाही, पळताना मागे पडतो, मग मी डगला विचारलं, हा माणूस टीममध्ये कशाला? तर डग असा पुढे सरकून बसला. म्हणाला, हा एन्फोर्सर! म्हणजे काय, तर टीममध्ये एक हिरा असतो, नाजूक, गोलबिल करणारा. त्याला समोरच्यांनी ढुशी मारली, पायात दांडकं घातलं, की हा सत्तावीस नंबर उतरतो आणि हिशेब चुकता करतो. हिऱ्याने हात उचलायचाच नाही. त्याने फक्त खेळायचं. आणि म्हणे तिकडे यावरून केवढे वाद! अर्धे म्हणतात, हा खेळ आहे, पोरं बघतात, मारामारी बंद करा. अर्धे म्हणतात, बंद केली तर हिऱ्यांचे पाय मोडतील. डगचा भाऊ बंद करा म्हणणारा, डग चालू ठेवा म्हणणारा, आणि दर ख्रिसमसला दोघं यावरून जेवता जेवता भांडतात. डगने मला विचारलं, "तुझं मत काय?" आता मला आजवर कुणी मत विचारलंय? मी असा खूश झालो! म्हटलं, मारामारी वाईटच, मी कुठे नाही म्हणतोय? पण कुणीतरी करायलाच हवी ना!

पुढे मला ते व्यसनच लागलं. जो भेटेल त्याला मी समजावायचो. लिफ्टमध्ये. कॅन्टीनमध्ये. पुलाउ उबीन बेटावर आमच्या मराठी मंडळाची सहल गेली, तर होडीत बसल्या बसल्या सुरू! लोक लाइफ जॅकेट घालून बसलेले, जाणार कुठे? ऐकत होते बिचारे.

आणि मग आली संक्रांत.

म्हणजे संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. शनिवार. डग सुट्टीवर गेलेला, टेप माझ्याकडे ठेवून. बुकित बातोकला सुचित्रावहिनींकडे मंडळाच्या बायकांचं हळदीकुंकू. सुचित्रावहिनी म्हणजे आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी, आणि बोलावणं त्या स्वतः फोन करून देतात, दरवर्षी, एकेकीला. नीताने आदल्या दिवशीच काळी चंद्रकळा इस्त्री करून कपाटाच्या दाराला लावून ठेवलेली. मी आपला टीव्हीसमोर. दोन वाजले, तीन वाजले, साडेतीनला नीता फोनचा रिसीव्हर उचलून बघून आली, चालू आहे का म्हणून. चालूच होता. चार वाजता तिने साडी घडी करून आत ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बोलावणं नाही आलं."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "विसरल्या असतील."

"खालच्या मजल्यावरची सगळ्यांच्या आधी गेली. विसरायला मी काय छत्री आहे?" आणि मग टीव्हीकडे बघायला लागली. कधी बघत नाही हो ती! आणि नेमका त्याच वेळी सत्तावीस नंबर मारामारी करून, ओठ फाटलेला, एका काचेच्या खोक्यात जाऊन बसलेला.

"हा एकटा का बसलाय?"

"शिक्षा. पाच मिनिटं."

"का? काय केलं त्याने?"

"अगं, त्या दहा नंबरला कुणीतरी ढुशी मारली, म्हणून हा त्याच्यासाठी भांडला."

"मग दहा नंबर कुठाय?"

"तो काय, तो गोल करतोय."

"जाऊन बसला का याच्याजवळ?"

"नाही, तसं नसतं ते..."

"हं," म्हणाली.

आता हे "हं" ज्यांच्या घरी असतं त्यांना सांगायला नको. मी घाईघाईने रिमोट उचलून आवाज वाढवला. कारण मंडळी, खरं सांगू? मला उत्तर माहीत होतं. तिला बोलावणं का नाही, हे मला माहीत होतं!

गणपतीत मंडळाची एकांकिका होती. मला इन्स्पेक्टरची भूमिका दिलेली. साडेसहा वाक्यं. मी दाढी करताना म्हणायचो ती. आणि आठ दिवस आधी सुचित्रावहिनी म्हणाल्या, "सुबोधराव, ती भूमिका आता आमचे शैलेंद्र करतील हं, तुम्ही इंजिनिअर ना, तुम्ही लाइटिंग बघा." सलग तिसऱ्या वर्षी लाइटिंग! आणि शैलेंद्र कोण? त्यांचेच मिस्टर! मी काय म्हटलं? "काही हरकत नाही वहिनी, उलट बरंच झालं!" हसून म्हटलं. आणि घरी येऊन, बूट काढता काढता, एक उसासा टाकला. बस. नीता, तू भांड, असं मी एका शब्दाने म्हटलं नाही, शपथ! फक्त उसासा. दुसऱ्या दिवशी तालमीत चाळीस माणसांसमोर नीताने सुचित्रावहिनींना असं फैलावर घेतलं, असं घेतलं... आणि मी कुठे होतो? मागे. वायर जोडत होतो.

आणि ही काय पहिली वेळ आहे? मी जहाजावर अकरा महिने अडकलो, कंपनी माझ्या बदलीचा रिलीव्हर पाठवेना, मी पत्रात आपलं 'इकडे सर्व ठीक' लिहिलं आणि खाली टिंब टिंब टिंब दिली, तर ही कडेवर तान्ही तन्वी घेऊन मुंबईच्या ऑफिसात संध्याकाळपर्यंत बसून राहिली, माझं तिकीट काढेपर्यंत. वरच्या मजल्यावरची आंटी बांबूवर ओले कपडे घालते, पाणी खाली वाळत घातलेल्या माझ्या कामाच्या बॉयलर सूटवर, मी वर बघून उसासा टाकला, नीता जिना चढून गेली. आंटी चिनीत, ही मराठीत, अर्धा तास! सगळ्या ब्लॉकमध्ये तिचं नाव भांडखोर. आणि माझं नाव? "मिस्टर सुबोध, सो नाइस, ऑल्वेज स्माइलिंग!"

मला लाज वाटली हो. खरंच वाटली. म्हटलं, बास. आता मी भांडणार.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाजी आणतो म्हणून निघालो, एमआरटी धरली. बुकित बातोक काय, मधे एकच स्टेशन, पण तेवढ्यात मी वाक्य वीस वेळा घोकलं. "सुचित्रावहिनी, हे तुम्ही बरोबर केलं नाहीत." आवाज खणखणीत. शेजारचा म्हातारा उठून दुसरीकडे जाऊन बसला, इतका खणखणीत! वर गेलो, चपला काढल्या, बेल दाबली, दार उघडलं, मी छाती फुगवली, "सुचित्रावहिनी, हे..."

"अय्या, सुबोधराव! या ना, या!" आणि मी पुढचा शब्द काढायच्या आत माझ्या हातावर तिळगूळ! आणि तिळगूळ देताना काय म्हणायचं असतं ते म्हणाल्या! आता मला सांगा, ते ऐकल्यावर भांडण सुरू कुठून करायचं? हातात लाडू! लाडू धरून कुणी आजवर भांडलंय? मी तो तोंडात टाकला, म्हणजे तोंड मोकळं व्हायला, तर गूळ पाकाचा, दाताला चिकटला. बाई बोलत सुटल्या. कॉफी आली. पोहे आले. आणि मग म्हणतात कशा, मान अशी वाकडी करून, "तुम्ही किती शांत हो सुबोधराव! नीताचं कसं... बायका जरा घाबरतात हो तिला. म्हणून या वेळी म्हटलं, राहू दे."

हाच तो क्षण मंडळी. हातमोजे टाकायचा. चांगली संधी समोर चालून आलेली! आणि मी काय बोललो माहितीये?

मी म्हटलं, "हो... आहे खरी जराशी तापट."

आणि हसलो.

मारामारी वाईटच, मी कुठे नाही म्हणतोय? पण ते हसणं... ओठ फाटणं परवडलं हो. मी तिथून उठलो, स्टेशनवर एका बाकावर बसलो, आणि तीन गाड्या सोडल्या. माझ्यासाठी ही बाई आख्ख्या जगाशी भांडली, तिच्यासाठी मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी पोहे खाऊन आलो. चांगले झाले होते पोहे, हेच तर जास्त लागलं.

घरी आलो आणि सगळं सांगितलं. काहीही न गाळता. पोह्यांसकट. म्हटलं, आता होऊन जाऊ दे, ओरडेल, भांडी आपटेल, माझा निकाल लावेल, आणि सुटेन. नीताने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "भाजी राहिलीच ना?" आणि पिशवी घेऊन स्वतः खाली गेली.

त्याला आता तीन महिने झाले. ती भांडतच नाही हो! कुणाशीच नाही. आंटीच्या कपड्यांचं पाणी माझ्या बॉयलर सूटवर, नीता म्हणते, "तुम्ही बघा." मंडळाने यंदा लाइटिंगबरोबर खुर्च्यापण माझ्या गळ्यात घातल्या, "तुम्ही बघा." मी उसासे टाकून टाकून दमलो, छातीत दुखायला लागलं, तर ही मला डॉक्टरकडे घेऊन गेली! घरात इतकी शांतता, की फ्रिजचा आवाज येतो. डगला मी सांगितलं, बाबा, टेपा आणू नकोस.

शेवटी परवा मला राहवेना. चहा पिता पिता म्हटलं, "नीता, मी चुकलो. फार चुकलो. तू एकदा भांड गं. दुसऱ्या कुणाशी नको, माझ्याशी भांड. वाट्टेल ते बोल."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो, मायेने बघितलं, तेच तर वाईट. म्हणाली, "अहो, तुमच्याशी काय भांडणार? भांडायला समोर कुणीतरी उभं राहावं लागतं."

आणि मी काय म्हणालो असेन?

म्हटलं, "बरोबर आहे तुझं."