धामकाठचा फ्लेक्स

हॅलो? … हॅलो, हो छाया, बोल. … नाई व, जेवन झालं, आता कम्प्युटरवरच बसली आहो. … हो, हो, येते ऐकू. बोल ना.

… काय? गाळा गेला? आपला गाळा? … कोनं घेतला? … असं कसं व, मालकानं तं आपल्या दोघीले चाबी देतो म्हटलं होतं. … हं. … हं.

… म्हनजे दुकान काढाचंच नाई आता? … दिवाळीनंतर पाहू? … "तुले फ्रीलान्सच बरं." असं म्हनतं तू. … हो ना, भाडं नाई, लाईट बिल नाई, घरी बसून चार दुकानाइची डिझाईनं कराची. बरोबर आहे तुयं.

अगं ऐक ना… थांब, मले एक सांग. "अंजू, किती दिवस दुसऱ्याच्या दुकानासाठी राबशील, आपलं काढू," हे वर्षभर कोन म्हनत होतं? … तूच ना? तुया भरवशावर मी साऱ्याइले सांगून टाकलं, का पुढच्या महिन्यापासून माह्यं स्वतःचं दुकान आहे, आता कामं पाठवू नका. … घाई केली? मी घाई केली?

बरं, सोड. स्क्रीनवर काय आहे, सांगू? … उद्घाटनाचा फ्लेक्स आहे. 'धामकाठ प्रिंट्स.'



… हो, तोच. मधात गणपती, खाली तुया फोटो, बाजूले पियुषचा. तुया दिराचा. … कोनं देल्ला काय? कामच आलं ना माह्याकडे! … माहीत आहे, तू हिंगनघाटच्या नत्थूभाऊले देल्लं. वर्ध्यात देल्लं असतं तं मले समजलं असतं, म्हनून तितं गेली ना? … अवं बाई, नत्थूभाऊ नुसता छापते. त्याची डिझाईनं मीच करतो. … तू कधी विचारलं का, मी कोनाकोनाचं काम करतो? फ्लेक्सवर डिझाईनवालीचं नाव नसते व.

दुकानाचं नाव मीच सांगून ठेवलं होतं, म्हनून त्यालेच पयले खटकलं. म्हने, "ताई, तुमच्या दुकानाचं उद्घाटन अन् तुमचंच नाव राह्यलं का?" … मी काय सांगू त्याले? म्हटलं, हो भाऊ, राह्यलं असन. … लाजेनं मेली मी, छाया.

… नाई, तू रडू नको. रडाचं मले आहे. … पियुषनं पैसा लावला, म्हनून? … "अंजूले भागीदार काऊन कराचं, डिझाईनपुरती बोलावू." हे त्याचं का तुयं? … त्याचं. अन् मंग तू काय म्हटलं? … काईच नाई म्हटलं. … हेच तं दुखते व मले. तो काय, परका मानूस. तू तं माही होती.

'धामकाठ' नाव कोनाचं? पवनारले धाम नदीत पाय टाकून बसलो होतो आपन, मी हे नाव बोलली अन् तुनं मले मिठी मारली. … आठवते ना? आठवते, तरी छापाले देल्लं.

… नको. माह्यं नाव आता टाकू नको. फ्लेक्सवरची जागा नाई मांगून राह्यली मी. … काय? बिघडवीन मी तुयं काम? … शाळेपासूनची मैत्रीन आहो, अन् तुले भेव कायचं, तं फ्लेक्सचं!

… फ्लेक्स? भेटन ना, उद्घाटनाच्या आधी हातात भेटन. … नाई, मी येनार नाई. … माह्यं काय होईन? नत्थूभाऊले फोन करीन, म्हनीन, भाऊ, काम राहू द्या माह्याकडेच. बाकीच्याइलेबी तेच म्हनीन. हेच तोंड घेऊन जावंच लागन ना आता त्याइच्याकडे.

… आता अंजू-अंजू करू नका. तुमी गिऱ्हाईक आहा. … हो, 'तुमी'च. … फक्त फोटो दुसरा पाठवा, छायाताई. याच्यात तुमच्या खांद्यावर माहा हात आहे… तो काढता येऊन नाई राह्यला मले. … ठेवतो.